अडखळला तर कारण सांगणारा प्लेअर: प्रकल्प नोंदी

४ जून

काम असे: तीन कंप्युटरांसाठी फुकट मिळणारा व्हिडिओ प्लेअर कायमचा ठरवायचा. मुख्य डेस्कटॉपवर विंडोज आहे. जुना लॅपटॉपही विंडोजचाच, दोन कोअरचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम. तिसरे, टीव्हीला जोडलेले छोटे मशीन लिनक्सवर चालते. वापरणारे दोघे, मी आणि ताई. मी जमवलेली रेकॉर्डिंग तपासतो, लावून ठेवतो. ताई मुलाखती ऐकून शब्दांकन करते आणि त्यांना मराठी सबटायटल लिहिते, म्हणजे प्लेअरशी तिचा संबंध माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ येतो.

अटी फार नाहीत. जाहिरात नको. वेगळे कोडेक (चित्र आणि आवाज आवळण्या-उलगडण्याची पद्धत) पॅक टाकावे लागू नयेत. देवनागरी सबटायटलची मोडतोड होऊ नये. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी अट ही, की चित्र अडखळले तर ते का अडखळले हे प्लेअरने सांगितले पाहिजे. चांगली फाइल कुठलाही प्लेअर चालवतो. खरा कस लागतो तो गाडी अडल्यावर, आणि त्या वेळी जो प्लेअर नुसता काळा पडदा दाखवतो त्याचा काही उपयोग नाही.

६ जून

आज 'कसोटी' नावाचा फोल्डर केला. नेटवर मिळणारे नमुना व्हिडिओ त्यात मुद्दाम घेतले नाहीत, कारण ते सगळे धडधाकट असतात. आपल्याकडच्या त्रासदायक फाइलीच आपली खरी परीक्षा घेतात.

आत आहे ते असे. एच.२६५ या कोडेकमधली, दहा बिट रंगाची ४के फाइल. एच.२६४ मधलीच पण दहा बिटची एक फाइल; ही दिसायला साधी, पण बहुतेक ग्राफिक्स कार्डांना ती उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. एव्ही१ या नव्या कोडेकमधली एक. जुनी एव्हीआय, जिची अनुक्रमणिका बिघडलेली आहे. फोनवर केलेले रेकॉर्डिंग, ज्यात दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या कमीजास्त होत राहते. दोन ध्वनिपट्ट्या आणि तीन सबटायटल असलेली एमकेव्ही. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेली एक एमपी४ आणि तशीच अर्धवट एक एमकेव्ही. शिवाय देवनागरी एसआरटीच्या, म्हणजे सबटायटलच्या साध्या मजकुराच्या, तीन फाइली: एक युनिकोड, एक युनिकोडच पण वेळ चुकलेली, आणि एक युनिकोडपूर्व फाँटात टंकलेली.

९ जून

प्लेअर उतरवण्याआधी एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण 'हा प्लेअर एमपी४ चालवतो का?' हा प्रश्नच अपुरा आहे. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही नुसती पाकिटे. आतला मजकूर कोणत्या पद्धतीने आवळला आहे ते कोडेक ठरवतो, आणि पाकिटावरून आतले कळत नाही. एकाच .एमपी४ नावाखाली २००३ सालचा एच.२६४ असू शकतो, २०१३ सालचा एच.२६५ असू शकतो किंवा २०१८ सालचा एव्ही१. पहिला कुठेही चालतो. दुसऱ्यासाठी विंडोजच्या अंगच्या प्लेअरला बहुतेक वेळा स्टोअरमधून वेगळा भाग घ्यावा लागतो. ॲपलच्या क्विकटाइमची गंमत उलटी: कोडेक ओळखीचा असला तरी एमकेव्हीचे पाकीटच तो उघडत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. फुकट प्लेअरांची नावे डझनावारी दिसतात, पण बहुतेकांच्या पोटात एकच यंत्र आहे: एफएफएमपेग, २००० साली फॅब्रिस बेलार्ड यांनी सुरू केलेला मुक्त प्रकल्प. व्हीएलसी त्याचेच उलगडक वापरतो, एमपीव्हीही वापरतो, एमपीसी-एचसीमधले लॅव्ह फिल्टर, म्हणजे त्याचे उलगडण्याचे भाग, तेही त्यावरच उभे आहेत. त्यामुळे 'अमुक प्लेअरमध्ये चित्र जास्त स्पष्ट दिसते' या दाव्यांकडे मी फारसे लक्ष देणार नाही. उलगडलेली फ्रेम सगळीकडे तीच असते. फरक पडतो तो पुढच्या गोष्टींत: ग्राफिक्स कार्डाची मदत घेतो का, आकार आणि रंग पडद्याला कसे जुळवतो, सबटायटल कसे काढतो, आणि तक्रार कशी मांडतो.

१० जून

यादी छाटली. पॉटप्लेअर सोयीसुविधांत तगडा आहे, फुकटही आहे, पण त्याचा स्रोत (मूळ कोड) बंद आहे आणि तो फक्त विंडोजवर चालतो. बंद स्रोताचा कार्यक्रम उद्या कोणाच्या हाती जाईल आणि त्यात काय घुसेल ते आपल्याला दिसत नाही, म्हणून तो बाजूला. कोडी उत्तम आहे, पण तो संग्रह मांडून रिमोटने पाहण्यासाठी बनलेला. एखादी फाइल झटकन उघडून तपासायला तो जड पडतो. मॅकवर कोणी विचारले तर आयना सांगेन, तो एमपीव्हीवरच बांधलेला आहे. आमच्याकडे मॅक नाही.

उरले तीन: व्हीएलसी, एमपीव्ही, एमपीसी-एचसी. तिघेही जीपीएल या मुक्त स्रोताच्या परवान्याखाली.

एमपीसी-एचसीबद्दल एक खुलासा. त्याचे मूळ काम जुलै २०१७ मध्ये १.७.१३ या आवृत्तीनंतर थांबले, कारण काम करणारे हात उरले नाहीत. जुने पान अजून सापडते आणि लोक तीच आवृत्ती उतरवतात. पुढे त्याच स्रोतावरून एक नवी शाखा निघाली, तिच्यात दुरुस्त्या आणि ताजे फिल्टर येत राहिले. घ्यायची तर तीच घ्यायची.

१३ जून

जुना लॅपटॉप. आजचा सगळा दिवस याच्यावर गेला आणि तो सार्थकी लागला.

एच.२६५ची दहा बिट ४के फाइल तिन्ही प्लेअरांत अडखळली. आवाज सुरळीत, चित्र मात्र दर दोन-तीन सेकंदांनी थिजायचे. एमपीव्हीत आय हे बटण दाबले की पडद्यावरच आकडे येतात: कोडेक कोणता, फ्रेम किती गळल्या, उलगडण्याचे काम हार्डवेअर करते आहे की नाही. हार्डवेअरची ओळच तिथे नव्हती. एमपीव्हीत ही मदत मुळातच बंद असते, सेटिंगच्या फाइलीत एचडब्ल्यूडेक = ऑटो-सेफ लिहून ती चालू करावी लागते. लिहिली. तरीही ओळ आली नाही. म्हणजे प्लेअरने विचारले आणि ग्राफिक्सने नकार दिला.

कारण साधे आहे. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये दहा बिट एच.२६५ उलगडण्याची सोय सातव्या पिढीपासून आली आणि हा लॅपटॉप त्याआधीचा. एव्ही१साठी तर अकरावी पिढी लागते. एनव्हिडिया आणि एएमडीकडेही ती सोय २०२० मध्ये आलेल्या कार्डांपासूनच आहे. जे सिलिकॉनमध्ये नाही ते कुठलाही प्लेअर आणून देऊ शकत नाही. 'हा प्लेअर अडखळतो, दुसरा घे' असा सल्ला सर्रास मिळतो. इथे प्लेअर बदलत बसलो असतो तर वर्षभर बदलत बसलो असतो.

व्हीएलसीत हेच शोधायला थोडे जास्त हिंडावे लागते. टूल्समध्ये मीडियाच्या माहितीची खिडकी, तिच्यात आकडेवारीचा भाग, तिथे 'हरवलेल्या फ्रेम' दिसतात. हार्डवेअरची मदत मिळाली की नाही ते संदेशांच्या खिडकीत, कंट्रोल आणि एम दाबून. माहिती आहे, पण समोर नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड' असा वेगळा आलेख असतो, तो सपाट राहिला की समजावे सगळा भार प्रोसेसर वाहतो आहे. प्लेअर काहीही म्हणो, हा साक्षीदार तटस्थ.

एव्ही१ची फाइल १०८०पी आहे. ती याच लॅपटॉपवर, हार्डवेअरच्या मदतीशिवाय, जवळजवळ न अडखळता चालली. श्रेय डेव्हिड या उलगडकाचे. व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनने २०१८ मध्ये तो प्रकल्प जाहीर केला आणि तिन्ही प्लेअर तोच वापरतात. जुन्या मशीनवर नवा कोडेक इतका चालेल असे वाटले नव्हते.

दहा बिट एच.२६४चीही तीच गोष्ट, प्रोसेसर तापला पण फ्रेम गळल्या नाहीत. व्हीएलसीत एच.२६४चा कडा मऊ करणारा फिल्टर वगळण्याची सोय आहे. तिने भार हलका होतो, पण चित्रात चौकडी दिसू लागतात. मी ती चालू ठेवणार नाही. एमपीव्हीत 'प्रोफाइल = फास्ट' लिहिले की चित्राचा आकार बदलण्याच्या महागड्या पद्धती बंद होतात, ते मात्र या लॅपटॉपवरच्या चाचणीत चालू ठेवले.

सुरू व्हायला सगळ्यात चपळ एमपीसी-एचसी.

१७ जून

सबटायटल. यासाठी ताईला शेजारी बसवले.

आधी अक्षरांची कसोटी. एक एसआरटी केली आणि तिच्यात मुद्दाम अडचणीचे शब्द भरले: क्षितिज, स्त्रियांची, शिस्त, दऱ्याखोऱ्या, तऱ्हा, कृत्रिम. अक्षरजुळणी नीट नसेल तर पहिली वेलांटी व्यंजनाच्या पुढे सरकते, जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात, आणि 'दऱ्या'मधला ऱ तुटून त्याचा रफार होतो किंवा चौकोन दिसतो. व्हीएलसी आणि एमपीव्ही दोघांनी सगळे शब्द बरोबर काढले. एमपीव्हीचे सबटायटल लिबास ही लायब्ररी काढते आणि जोडाक्षरांची जुळणी हार्फबझकडे सोपवते. फाँट मात्र दोन्हीकडे स्वतः निवडून दिला. न दिल्यास प्लेअर लॅटिनचा फाँट धरून बसतो, देवनागरीसाठी सापडेल तो दुसरा उचलतो, आणि मग एकाच ओळीत अक्षरे लहानमोठी दिसतात. नोटो सॅन्स देवनागरी दिल्यावर ओळ सलग झाली. विंडोजवर निर्मला यूआयही चालतो.

युनिकोडपूर्व फाँटातली फाइल अर्थातच सगळीकडे रोमन अक्षरांचा गिचमिड कचरा दाखवते. एन्कोडिंग बदलून पाहण्यात हशील नाही. त्या फाइलीत देवनागरी अक्षरेच नाहीत, रोमन अक्षरांवर चढवलेली देवनागरी चित्रे आहेत. फाइल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायची. ते काम प्लेअरचे नव्हे.

मग वेळेचा प्रश्न. ताई म्हणाली, "सुरुवातीला बरोबर लावते, अर्ध्या तासाने परत पुढेमागे होतंय. परत लावते, परत तेच. किती वेळा लावू?"

हे ऐकून दोन दुखणी वेगळी करावी लागली. सबटायटल पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने चुकत असेल तर नुसते सरकवायचे. व्हीएलसीत जी आणि एच, दर दाबाला ५० मिलिसेकंद. एमपीव्हीत झेड आणि शिफ्टसह झेड, दर दाबाला सेकंदाचा दहावा भाग. पण अंतर वाढत जात असेल तर सरकवून काही होणार नाही. तिथे फ्रेमच्या वेगात फरक आहे: सबटायटल २३.९७६ फ्रेमच्या प्रतीवर लिहिले आणि व्हिडिओ २५ फ्रेमचा आहे. तासाभराच्या मजकुरात हा फरक सुमारे अडीच मिनिटांचा होतो. ताईच्या फाइलीत नेमके हेच होते. एमपीव्हीत सबटायटलचा वेग २५ आणि २३.९७६ यांच्या प्रमाणात बदलता येतो, व्हीएलसीत पट्ट्यांच्या समकालनाच्या खिडकीत वेगाचा रकाना आहे. प्रमाण एकदा दिले आणि शेवटचे वाक्यही ओठांशी जुळले. ताईने पुढची फाइल स्वतःच लावली.

१८ जून

ताईचे शब्दांकनाचे काम तासभर शेजारी बसून पाहिले. व्हिडिओ कोणी कसा वापरतो हे पाहिल्याशिवाय प्लेअर निवडू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

तिचा हात सतत मागे जाण्यावर असतो. वाक्य ऐकते, टंकते, तीन-चार सेकंद मागे, पुन्हा ऐकते. व्हीएलसीत शिफ्टसह डावा बाण तीन सेकंद मागे नेतो, एमपीव्हीत नुसता डावा बाण पाच. पण काही फाइलींत तीन सेकंद म्हणता म्हणता सात-आठ सेकंद मागे जायचे. त्याचे कारण की-फ्रेम. व्हिडिओत पूर्ण चित्र मधूनमधूनच साठवलेले असते, मधल्या फ्रेम नुसते बदल सांगतात. म्हणून उडी जवळच्या पूर्ण चित्रावर पडणे सोपे असते. एमपीव्हीत शिफ्ट आणि बाण दाबले की तो मधल्या फ्रेम उलगडून नेमक्या सेकंदावर जातो. ताईला हे इतके आवडले की बाकीच्या गोष्टी दाखवायच्या राहिल्या होत्या त्या तिनेच विचारून घेतल्या: एल दाबून एक तुकडा परत परत वाजवणे, चौकटी कंसांनी वेग कमीजास्त करणे, कंट्रोल आणि डावा बाण दाबून थेट आधीच्या सबटायटलवर जाणे, स्वल्पविरामाने एकेक फ्रेम मागे जाणे. व्हीएलसीत ई दाबून फ्रेम पुढे नेता येते, पण त्याच्या ३.० मालिकेच्या आवृत्त्यांत मागे नेता येत नाही.

वेग कमी केला तरी बोलणाऱ्याचा आवाज जाड होत नाही, दोन्हींकडे ही काळजी आपोआप घेतली जाते.

एक अडचण खरी आहे. एमपीव्हीत मेनू जवळजवळ नाहीत. ज्याला बटणे पाठ करायची नाहीत त्याला तो पहिल्या दिवशी परका वाटतो. ताईसाठी बटणांचा एक कागद छापून पडद्याच्या कडेला चिकटवला.

२२ जून

बिघडलेल्या फाइली.

एव्हीआयची अनुक्रमणिका मोडली आहे हे व्हीएलसीने ओळखले, दुरुस्त करू का विचारले आणि चालवून दाखवली. या बाबतीत त्याचा हात धरणारा कोणी नाही, आणि त्यामागे त्याचा जन्म आहे. १९९६ मध्ये एकोल सेंट्राल पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवून पाहण्यासाठी हा प्रकल्प सुरू केला. १ फेब्रुवारी २००१ रोजी तो जीपीएलखाली खुला झाला. नेटवर्कवर मधले तुकडे हरवतातच. तुकडा हरवला म्हणून थांबायचे नाही, मिळेल तिथून पुढे चालवायचे, ही रीत त्याच्या अंगात पहिल्यापासून आहे.

अर्धवट एमपी४ मात्र तिघांपैकी कोणीही उघडली नाही. एमपी४मध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याचा तक्ता रेकॉर्डिंग संपताना लिहिला जातो. वीज गेली तेव्हा तक्ता लिहायचाच राहिला. चित्र आणि आवाज डिस्कवर आहेत, पण ते कुठून कुठपर्यंत हे सांगणारे काही नाही. अर्धवट एमकेव्ही वीज गेली त्या क्षणापर्यंत व्यवस्थित चालली, कारण तिच्यात हिशेब तुकड्यातुकड्याने लिहिला जातो. मुलाखत परत घेता येत नाही. म्हणून यापुढे रेकॉर्डिंग एमकेव्हीतच करायचे. एमपी४ लागलीच तर एफएफएमपेगने नुसते पाकीट बदलायचे, त्यात चित्र पुन्हा आवळले जात नाही आणि दर्जाही उतरत नाही.

२३ जून

उतरवण्याची जागा. व्हीएलसी शोधला की जाहिरातींत नक्कल पाने वर येतात आणि त्यांच्या इन्स्टॉलरला भलतेच काही चिकटलेले असते. व्हिडिओलॅन ही नफा न कमावणारी संस्था आहे, तिच्या स्वतःच्या पानावरूनच घ्यायचे. त्या पानावर फाइलीचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइल मूळचीच आहे हे पडताळायची खूण, दिलेला असतो. विंडोजच्या कमांड खिडकीत सर्टयूटिल चालवून तो ताडून पाहिला, जुळला. एमपीव्हीची विंडोजसाठीची तयार आवृत्ती प्रकल्पाच्या पानावरच्या दुव्यावरून घेतली. 'तुमच्याकडे कोडेक नाही, इथे दाबा' असे सांगणारी कुठलीही खिडकी ताबडतोब बंद करायची, हे ताईच्या कागदावरही लिहिले.

अद्ययावत ठेवण्याबद्दल २०१९चे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. जुलैमध्ये व्हीएलसीत गंभीर भगदाड सापडल्याची बातमी झाली. नंतर कळले की दोष लिबईबीएमएल या एमकेव्ही वाचणाऱ्या लायब्ररीच्या जुन्या प्रतीत होता आणि व्हीएलसीच्या आवृत्त्यांत तो वर्षभरापेक्षा आधीच दुरुस्त झाला होता. तक्रार करणाऱ्याच्या लिनक्सवर जुनी लायब्ररी राहिली होती. तेव्हा लिनक्सच्या मशीनवर नुसता प्लेअर नव्हे, सगळी पॅकेजे अद्ययावत करायची.

२५ जून

टीव्हीचे मशीन. चित्रपटाचा कॅमेरा संथपणे आडवा फिरला की चित्र बारीक धक्के देते. फ्रेम एकही गळत नव्हती. टीव्ही सेकंदाला ६० वेळा ताजा होतो आणि चित्रपट २३.९७६ फ्रेमचा, त्यामुळे एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवावी लागते. ती असमानता डोळ्याला जाणवते. टीव्हीची गती २४ वर आणली आणि एमपीव्हीत 'व्हिडिओ-सिंक = डिस्प्ले-रीसँपल' लिहिले. धक्के गेले.

२८ जून

ठरले ते असे. डेस्कटॉपवर दोन प्लेअर: ताईच्या कामासाठी एमपीव्ही, आणि दोनदा क्लिक केल्यावर उघडणारा म्हणून व्हीएलसी. पाहुण्यालाही मेनू सापडला पाहिजे आणि मोडकी फाइल व्हीएलसीइतकी कोणी सांभाळून घेत नाही. जुन्या लॅपटॉपवर एमपीसी-एचसीची नवी शाखा आणि १०८०पीपर्यंतच्याच फाइली. दहा बिट ४के तिथे न्यायच्या नाहीत. टीव्हीच्या मशीनवर फक्त एमपीव्ही, 'बंद करताना जागा लक्षात ठेव' ही सोय चालू करून.

एमपीव्हीची सेटिंगची फाइल आणि 'कसोटी' फोल्डर, दोन्हींची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवली. नवी आवृत्ती आली की आधी दहा बिट ४के, मग दऱ्याखोऱ्यांची एसआरटी आणि शेवटी मोडकी एव्हीआय, या क्रमाने चालवून पाहायचे. युनिकोडपूर्व फाँटातल्या जुन्या सबटायटल फाइली बदलण्याचे काम ताईने पुढच्या आठवड्यापासून घेतले आहे.